जंत लुळा पडला, त्यातून काय कळतं?

एक दावा सध्या जोरात फिरतो आहे. मिलिमीटरभर लांबीच्या, ३०२ चेतापेशींच्या जंताची जनुकं बिघडवायची, तो लुळा पडेपर्यंत तारेने टोचत वेळ मोजायची आणि याला मेंदूविज्ञान म्हणायचं. माणसाशी त्याचा संबंध शून्य. शिवाय या जंताच्या चेतापेशींचा नकाशा १९८६मध्येच पूर्ण झाला, मग आता शोधायचं काय उरलं? यातले आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचे.

आधी ‘संबंध शून्य’. सिडनी ब्रेनर यांनी १९७४मध्ये सी. एलेगन्स या गोलकृमीचे, नीट सरपटता न येणारे अनेक म्यूटंट (जनुक बिघडलेले वाण) प्रसिद्ध केले. त्यांतल्या यूएनसी-१८ या जनुकाचा क्रम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडला. त्याचं उंदरातलं भावंड या लुळ्या जंतात घातलं, तर त्याचा बिघाड बऱ्याच अंशी दुरुस्त होतो. माणसातल्या त्याच जनुकाला एसटीएक्सबीपी-१ म्हणतात. त्यातल्या बिघाडामुळे तान्ह्या बाळांना तीव्र अपस्मार होतो, हे २००८मध्ये कळलं.

मग उंदरातच का नाही शोधलं? कारण हे जनुक पूर्ण काढलेला उंदीर जन्मताच मरतो. जंत मात्र जगतो. तो उभयलिंगी असल्याने जोडीदार शोधावा लागत नाही, आणि अन्न म्हणजे जिवाणूंचा थर, तो तोंडापुढेच असतो. जवळजवळ हलत नसलेला जंतही पुढची पिढी देतो. अर्थात सगळी जनुकं अशी सोय देत नाहीत. सिंटॅक्सिन या, चेतापेशीला रसायन सोडायला लागणाऱ्या प्रथिनाचं जनुक (यूएनसी-६४) पूर्ण गेलं तर अळी पहिल्याच अवस्थेत अडकते, म्हणून तिथे अर्धवट बिघडलेलेच म्यूटंट हाती लागतात.

आता तारेने टोचण्याविषयी. चेष्टा याचीच जास्त होते. ॲल्डिकार्ब हे कार्बामेट कीटकनाशक ॲसिटिलकोलीन हे चेतापेशीचं संदेशरसायन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. चेतापेशीने सोडलेलं ॲसिटिलकोलीन मग स्नायूपाशी साचत जातं, स्नायू आखडतो आणि जंत लुळा पडतो. सोडण्याचाच वेग कमी असेल तर लुळं पडायला उशीर लागतो. म्हणजे घड्याळ इथे अप्रत्यक्षपणे सिनॅप्सचं, म्हणजे चेतापेशी जिथे पुढच्या पेशीला संदेश देते त्या सांध्याचं, काम मोजतं.

पद्धत अशी. ॲल्डिकार्बचं १०० मिलिमोलर द्रावण ७० टक्के इथेनॉलमध्ये करतात आणि आगर (प्लेटमधलं जेलीसारखं माध्यम) ५५ अंशांपर्यंत निवल्यावर शंभरास एक या प्रमाणात मिसळतात, म्हणजे प्लेटमध्ये १ मिलिमोलर होतं. गरम आगरात घातलं तर औषधाचा भरवसा राहत नाही. पावडर वजन करताना हातमोजे आणि फ्यूम हूड हवाच, कारण माणसाचंही तेच एन्झाइम बंद पडतं; भारतात या कीटकनाशकावर बंदी आहे. प्लेटच्या मध्यावर ओपी-५० जिवाणूंचा छोटा ठिपका ठेवतात, नाहीतर जंत कडेला चढून वाळतात. आदल्या दिवशी चौथ्या अवस्थेतल्या अळ्या वेगळ्या काढल्या की दुसऱ्या दिवशी सारख्या वयाचे प्रौढ मिळतात. एका प्लेटवर साधारण २५ जंत पुरतात. दर १५ मिनिटांनी प्लॅटिनमच्या तारेने डोक्याला आणि शेपटीला तीनतीनदा टोचायचं. काहीच हालचाल नसेल तर लुळा. साधा जंत साधारण दोन तासांत लुळा पडतो. कुठल्या प्लेटवर कोणता वाण आहे हे टोचणाऱ्याला ठाऊक नसावं, आणि साधे जंत त्याच दिवशी, त्याच घाण्यातल्या प्लेटवर हवेतच. प्लेट जुनी, खोली गरम किंवा वयं मिसळलेली असली की वेळेनुसार किती जंत लुळे पडले याचा वक्र सरकतो आणि नसलेला फरक दिसू लागतो.

पण उशीर झाला म्हणजे दोष चेतापेशीतच, असं नाही; स्नायूवरचा रिसेप्टर, म्हणजे ॲसिटिलकोलीनचा संदेश घेणारं प्रथिन, तेही बिघडलेलं असू शकतं. म्हणून दुसरी प्लेट लेव्हामिसोलची, ०.२ मिलिमोलर. शेळ्या-मेंढ्यांना जंतांवर देतात तेच हे औषध. ते थेट स्नायूच्या रिसेप्टरवर काम करतं. ॲल्डिकार्बला दाद न देणारा जंत लेव्हामिसोलने नेहमीसारखा लुळा पडला, तर दोष बहुधा सोडणाऱ्या बाजूला. दोन्हींना दाद देत नसेल तर संशय स्नायूवर.

उलट्या दिशेची चूक तर जाणकारांकडूनही होते. लवकर लुळा पडणारा जंत जास्त ॲसिटिलकोलीन सोडतोच असं नाही. यूएनसी-२५ या म्यूटंटमध्ये गाबा हे स्नायू सैल करणारं संदेशरसायन बनत नाही, ब्रेकच नसतो, म्हणून तो लवकर आखडतो. त्यामुळे ही चाचणी गाळणीसारखी वापरायची, निकालासारखी नाही. निकाल विद्युत मोजणीचा. यूएनसी-१३ या म्यूटंटमध्ये १९९९च्या नोंदींत दिसलं की रसायनाच्या पिशव्या सिनॅप्सपाशी साचलेल्या आहेत, पण रिकाम्या होत नाहीत. तार टोचून हे कधीच कळलं नसतं.

नकाशाचा मुद्दा किरकोळ आहे. कोण कोणाला जोडलेलं आहे हे नकाशा सांगतो. जोड उत्तेजक की शामक, किती जोमाचा, हे सांगत नाही. न्यूरोपेप्टाइड (चेतापेशी सोडतात ते छोटे प्रथिनासारखे संदेशरेणू) तर सिनॅप्स सोडून दूरवर पसरतात.

टीकेत एक गोष्ट मात्र खरी आहे, जरी ती सहसा कुणी मांडत नाही. या जंतात विद्युतदाबावर उघडणाऱ्या सोडियम वाहिन्यांची (चेतापेशीत सोडियम आत घेणाऱ्या दारांची) जनुकंच नाहीत. त्याच्या बऱ्याच चेतापेशींत संदेश चढत्या-उतरत्या दाबाने जातो आणि २०१८मध्ये एडब्ल्यूए या वास ओळखणाऱ्या चेतापेशीत सापडलेले स्पाइक (विद्युतदाबाचे क्षणिक झटके) कॅल्शियमवर चालतात. सोडियम वाहिनीच्या दोषाने होणारा अपस्मार समजून घ्यायचा असेल, तर हा जंत चुकीचा प्राणी आहे. पिशवी फुटते कशी, एवढंच विचारायचं असेल तर नाही.