नियम कडक असतानाच आयर्लंडची चर्चं ओस पडली

‘तिकडे सगळं सैल सोडलं म्हणून चर्चं ओस पडली. आपल्याकडे तसं होऊ द्यायचं नाही.’ वसईहून फोन आला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. कधी काका म्हणतात, कधी शाळेतली मैत्रीण, कधी माझ्याहून बराच लहान असलेला मावसभाऊ. मावसभावाचं ऐकून जास्त वाईट वाटतं, कारण तो मनापासून प्रार्थना करणारा, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा मुलगा आहे.

सध्याचं निमित्त एका दफनाचं आहे. आमच्या भागातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, एक गृहस्थ वारले. त्यांनी हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं होतं आणि पुढे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणंही सोडलं होतं. घरच्यांनी दफनासाठी विचारलं. फादरनी फार चौकशी न करता होकार दिला, प्रार्थना म्हटली, माती दिली. त्यावरून पेटलेला वाद अजून शमलेला नाही. ‘मग आम्ही आयुष्यभर नियम पाळले ते कशासाठी?’ असं लोक विचारतात. त्या माणसाची बायको आणि मुलं त्याच आळीत राहतात, हे सगळं त्यांच्या कानावर जातं, याचा विचार फारसा कुणी केलेला दिसत नाही.

मी आयर्लंडच्या पश्चिम भागात एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. गावाकडच्या वादात ज्या ‘तिकडे’चा दाखला दिला जातो, त्या ‘तिकडे’ मी राहते, म्हणून हे लिहिते आहे.

इथली चर्चं रिकामी होत चालली आहेत, हे खरं. २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवून घेतलं होतं, २०२२ मध्ये ६९ टक्क्यांनी. त्यातलेही पुष्कळ जण रविवारी चर्चकडे फिरकत नाहीत. पण कारण मात्र उलटं सांगितलं जातं. हा देश युरोपातल्या सर्वांत कडक देशांपैकी एक होता. गर्भनिरोधकांच्या विक्रीवर १९३५ पासून बंदी होती. १९३७ च्या राज्यघटनेनं घटस्फोटाला मनाई केली, ती उठवायला १९९५ चं सार्वमत लागलं आणि तेही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकानं जिंकलं गेलं. १९७० च्या दशकात दहातले नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्साला जात. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आले, तेव्हा जेमतेम चौतीस लाख वस्तीच्या या देशातले दहा लाखांहून जास्त लोक त्या मैदानावर जमले होते. ही सगळी माणसं कडक नियमांतच लहानाची मोठी झाली होती. मग ती गेली कुठे?

याचं उत्तर मला मी जिथं काम करते तिथल्या आज्यांनी दिलं. नव्वदी ओलांडलेली एक आजी रात्री जागी असायची, आणि जागी असली की धाकट्या भावाबद्दल बोलायची. तो घरीच जन्मला आणि धर्मगुरू पोचायच्या आत गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता. अशा बाळाला स्वर्ग नाही, त्याचा आत्मा ‘लिंबो’ नावाच्या अधल्यामधल्या जागी राहतो, अशी तेव्हाची शिकवण होती. म्हणून त्याला पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. तिच्या वडिलांनी बाळ एका लाकडी खोक्यात ठेवलं, अंधार पडल्यावर ते काखेत धरून समुद्राच्या अंगाला नेलं आणि पुरून परत आले. आई बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिनं ती जागा जन्मात पाहिली नाही. त्यात बाळंतपणानंतर धर्मगुरूंचा खास आशीर्वाद मिळेपर्यंत बाईनं चर्चमध्ये जायचं नाही, असा रिवाज. मूल गेलं त्या आठवड्यांत तिला रडायला चर्चसुद्धा नव्हतं. सोयरसुतकाच्या घरांत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

अशा जागांना इथं किलीन म्हणतात. आजीच्या भाच्याबरोबर मी ती पाहायला गेले. दगडी बांधाच्या कोपऱ्यात, गवतात बुडालेले वीतभर उंचीचे ओबडधोबड दगड. कशावर नाव नाही, साल नाही. दोन दगडांत हातभराचंसुद्धा अंतर नाही, इतकी ती बाळं लहान. काहींच्या भोवती पांढऱ्या गारगोट्या गोल मांडलेल्या होत्या. कुणीतरी अंधारात चाचपडत किनाऱ्यावरून त्या वेचून आणल्या असणार. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं सांगितलं, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे. आजीची आई तेव्हा कधीच निघून गेली होती.

ट्यूम या इथल्या गावाचं नाव आता जगभर माहीत झालंय. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलींसाठी तिथं सिस्टरांनी चालवलेली एक संस्था होती, १९२५ ते १९६१. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी एकेक मृत्युदाखला काढून दाखवलं, की तिथं ७९६ मुलं दगावली आणि त्यांच्या दफनाची नोंदच नाही. २०१७ मध्ये सांडपाण्यासाठी बांधलेल्या जुन्या भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष सापडल्याचं चौकशी आयोगानं जाहीर केलं. ते बाहेर काढून ओळख पटवण्याचं काम जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. अशा अठरा संस्थांत मिळून सुमारे नऊ हजार मुलं मेली, असं आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे.

हे ज्यांनी केलं ती माणसं रोज मिस्साला जाणारी, उपास पाळणारी, रोझरी म्हणणारी होती. पोरीला त्या दारापर्यंत बापच पोचवायचा, आणि आपण धर्माप्रमाणे वागलो, असं त्याला वाटायचं. कर्मठपणाची मला सर्वांत जास्त भीती वाटते ती इथं. एकदा नियम पाळला, की समोरच्याच्या दुःखाशी आपलं देणंघेणं उरत नाही, असं चांगल्या माणसालाही वाटू लागतं. नियम सगळ्यांचा असतो, म्हणून दोष कुणाचाच नसतो.

मराठी माणसाला हे परकं नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना आळंदीच्या ब्रह्मवृंदानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, असं परंपरा सांगते. कुणी त्यांच्या अंगाला बोट लावलं नाही. शास्त्र काढलं, निर्णय सांगितला, चार लेकरं पोरकी झाली आणि वर संन्याशाची पोरं म्हणून हिणवली गेली. ट्यूमच्या मुलांनाही शाळेत वेगळं बसवत, उशिरा आणत आणि इतर मुलं सुटायच्या आत परत नेत.

आणि सविता. बेळगावची सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची दंतवैद्य, ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही, हे कळून चुकलं होतं. तिनं गर्भपाताची विनंती केली, पण ठोके सुरू आहेत तोवर काही करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला सांगितलं गेलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती गेली. उपचार आणि देखरेखीतल्या गंभीर चुकाही पुढे चौकशीत निघाल्या. पण ‘कॅथलिक देश’ हे शब्द बोलल्याचं एका मिडवाइफनं साक्षीत मान्य केलं आणि ते दुखावण्यासाठी म्हटलं नव्हतं, असंही सांगितलं. मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवते. कळवळ्यानं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडीही त्या क्षणी नियमाशिवाय दुसरं काही आलं नाही, हेच तर भयंकर आहे. गर्भातल्या जिवाला मी जीवच मानते, तरीही जो जीव वाचणारच नव्हता त्याच्यासाठी आईला थांबवून ठेवणं ख्रिस्ताच्या नावावर खपवता येईल, असं मला वाटत नाही. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारं घटनेतलं कलम काढून टाकलं. त्यांत माझ्या ओळखीच्या, गळ्यात क्रूस घालणाऱ्या कितीतरी बायका होत्या.

या सगळ्यात मला वारंवार पंडिता रमाबाई आठवतात. त्या प्रोटेस्टंट होत्या म्हणून आम्हा कॅथलिकांत त्यांचं नाव कमी घेतलं जातं, हे मला खटकतं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला आल्या आणि वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्याच भगिनी लंडनला फुलहॅममध्ये ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी घर चालवत. या बायकांशी तुम्ही इतक्या मायेनं का वागता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना बायबलमधली येशू आणि शोमरोनी बाईची विहिरीवरची भेट वाचून दाखवण्यात आली; लोक जिला कमी लेखत, तिच्याशी येशू आपणहून बोलला, ती ही गोष्ट. त्यांचं मन वळलं ते तिथं. बाप्तिस्मा त्यानंतर, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला. पुढे पवित्र त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धांत आणि बिशपांचा अधिकार जसाच्या तसा मान्य करावा, असा आग्रह सुरू झाला. तेव्हा त्यांनी वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांना पत्रात सांगितलं, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची तयारी नाही. ख्रिस्ताला मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. केडगावला मुक्ती सदन उभारलं, तेव्हा समाजानं टाकलेल्या बायकांसाठी तिथं कृपा सदन काढलं. त्याच काळात आयर्लंडमध्ये तशाच बायकांना मॅग्डलेन लाँड्री नावाच्या धुलाईघरांत कोंडून बिनपगारी कपडे धुवायला लावत होते. तिथंही धर्मभगिनी होत्या, तिथंही हेच शुभवर्तमान वाचलं जात होतं. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली.

मग इथं ख्रिस्ती श्रद्धा संपली का? ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस आले, तेव्हा फिनिक्स पार्कमध्ये १९७९ च्या मानानं फारच थोडे लोक होते. पण त्याच दौऱ्यात ते डब्लिनच्या बो स्ट्रीटवरच्या कॅपुचिन डे सेंटरला गेले. ब्रदर केव्हिन क्राउली यांनी १९६९ मध्ये सुरू केलेलं हे अन्नछत्र. येणाऱ्याला काही विचारायचं नाही, हा तिथला रिवाज. धर्म नाही, बाप्तिस्मा नाही, नशा करतोस का, तेही नाही. बसा, जेवा. ब्रदर केव्हिन जुलै २०२५ मध्ये वारले, तेव्हा माझ्या ज्या सहकारी चर्चचं नाव काढलं की तोंड फिरवतात, त्यांचेही डोळे भरून आले. लोकांनी जे सोडलं त्यात ब्रदर केव्हिन नव्हते.

नियम गेले की दया आपोआप येते, असंही मी म्हणत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात इथं भारतीयांवर हल्ले झाले, डब्लिनच्या भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. चर्चला रामराम ठोकलेल्या समाजातही परक्याचा द्वेष वाढू शकतो, हे मी जवळून पाहिलं. त्या दिवसांत माझी रात्रपाळी संपली की एक आयरिश सहकारी मला गाडीनं घरी सोडायची. ती रोज पहाटे रोझरी म्हणणारी बाई आहे. तिच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे.

आता पुन्हा नियमांकडे, कारण गावाकडचे लोक कायद्याची भाषा बोलतात आणि त्यांना कायद्यानंच उत्तर दिलं पाहिजे. १९१७ च्या चर्च-संहितेत आत्महत्या करणाऱ्याला चर्चमधला अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ते वाक्य काढून टाकलं. बाप्तिस्मा द्यायचं आईवडिलांच्या मनात होतं पण बाळ त्याआधी गेलं, तर बिशपांच्या परवानगीनं त्याचाही अंत्यविधी करता येतो. त्याच संहितेचं शेवटचं, १७५२ वं कलम सांगतं, की आत्म्यांचं तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा. फादरनी त्या माणसाला माती दिली ती या कायद्याच्या आत राहून दिली, असं माझं ठाम मत आहे.

‘आम्ही नियम पाळले ते कशासाठी?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. त्यांनी खरोखर खूप सोसलंय. मनाविरुद्ध लग्नं केली, पोरींना घरी बसवलं, नाती तोडली. दुसऱ्याला सूट मिळाली की आपलं सोसणं वाया गेलं, असं त्यांना वाटतं. ते दुःखही कुणीतरी बसून ऐकायला हवं. पण त्याची किंमत त्या विधवा बाईनं का मोजावी?

आणि एक गोष्ट या सगळ्या वादात कुणी विचारलीच नाही. ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी चर्चमध्ये लग्न लावता येतं, त्यासाठी बिशपांकडून सूट मिळते. हे त्या जोडप्याला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं होतं का? बहुतेक घरांत आधी रडारड होते, मग बोलणी बंद होतात, आणि तोवर मुलगा किंवा मुलगी रजिस्ट्रारकडे जाऊन आलेली असते. वसईत आज अशी लग्नं होत आहेत आणि होत राहणार. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन समंजस माणसं यासाठी नेमावीत, एखादं लग्न झालेलं आंतरधर्मीय जोडपंही त्यांत असावं. त्यांनी अशा मुलामुलींच्या घरी जावं, अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, वेळ किती लागतो, ते सांगावं, आणि हिंदू किंवा मुसलमान सासरच्या मंडळींनाही जाऊन भेटावं. यासाठी नव्या नियमाची गरज नाही. येत्या धर्मग्राम सभेत हा विषय घ्यावा, असं पत्र मी फादरना आणि काकांना पाठवलं आहे.