पाचवा रविवार

अमेरिकेतल्या टेनेसीत घर घेताना मी शाळा कशी आहे, पाणी तुंबतं का, वादळाचा भोंगा झाला की कुठे लपायचं, सगळं विचारून घेतलं होतं. एखाद्या महिन्यात पाच रविवार आले तर काय होतं, एवढंच विचारायचं राहिलं.

पाचवा रविवार आला की इकडच्या बऱ्याच छोट्या चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रवचनाला सुट्टी मिळते आणि गाण्याला, म्हणजे 'सदर्न गॉस्पेल' नावाच्या इकडच्या चार आवाजांतल्या भक्तिगीतांना, मोकळं रान. शेजारच्या काकांनी कुंपणावरूनच आमंत्रण दिलं. "बरोबर सहाला सुरू. तासाभराचं काम. मग थोडं खाणं." आता, मी कीर्तनकारांच्या पहाऱ्यात वाढलेला माणूस. आजोबांच्या मांडीवर डुलक्या घेत हरिपाठापासून पसायदानापर्यंत सगळं पचवलेलं. तासाभराच्या गाण्याने माझं काय वाकडं होणार? लगेच हो म्हणालो आणि दुपारचा चहासुद्धा बेतानेच घेतला, कारण 'थोडं खाणं' डोक्यात होतं.

चर्चच्या आवारात एक अजस्र बस उभी होती. पाहुण्या चौकडीची, म्हणजे गाणाऱ्या चौघांची. काका तिच्याकडे आपण एकवीरेच्या पालखीकडे पाहावं तसं पाहत थांबले. गायकांनी झोपायच्या फळ्या बसवलेली अशी बस पहिल्यांदा जे. डी. समनर यांनी आणली, असं इकडे मानतात. हे समनर बास गायक, म्हणजे चौघांतला सगळ्यात खालचा आवाज. सगळ्यात खालच्या सुराचा गिनीज विक्रम बरीच वर्षं त्यांच्या नावावर होता, आणि पुढे एल्व्हिस प्रिस्लेच्या मागे उभं राहून त्यांची मंडळी गायची. खुद्द एल्व्हिसला पोरवयात अशाच एका चौकडीने नापास केलं होतं, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बिचारा बास नव्हता ना! काकांच्या लेखी जगात माणसं दोनच जातीची: बास आणि बाकीचे.

मीही मग आमची बाजू मांडली. आमच्या नगरचे रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग काही सोडला नाही. आमच्याकडच्या चर्चमध्ये त्यांची पदं पेटी-तबल्यावर गातात, वगैरे. काकांनी मन लावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यात बास कोण गातं?"

म्हटलं, आमच्याकडे सगळे एकच चाल गातात.

"सगळे?" काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या हळुवारपणे माझं सांत्वन कुणी दहावीच्या निकालालाही केलं नव्हतं.

मला नीट दिसावं म्हणून काकूंनी पहिल्या बाकावर जागा धरली होती. बाक लाकडी, पाठ काटकोनात, मागे दीडशे माणसं. म्हणजे पळायची वाट बंद. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून गायचं होतं, म्हणून हातात पुस्तक आलं. त्यातल्या स्वरांना आकार होते. सा-रे-ग-म सारखेच सात स्वर, पण प्रत्येकाचं डोकं वेगळं, म्हणजे ज्याला कागदावरचं संगीत वाचता येत नाही त्यानेही आकार बघून गावं. युक्ती झकास आहे, पण उपाशीपोटी वापरायची नाही. इकडच्या डो-रे-मी मधला 'मी' म्हणजे शंकरपाळं, 'सोल' म्हणजे लाडू, 'ला' म्हणजे वडी, 'फा' म्हणजे सामोसा. मागच्या हॉलमधून तळणीचा वास येत होता. पहिलं कडवं होईपर्यंत मी अख्खं दिवाळीचं ताट वाचून काढलं होतं.

मग चौकडी आली. चौघांचे सूट एकसारखे आणि टाय मोरपंखी. टेनर, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज, उंच, किडकिडीत. पायावर कुणी पाय दिल्यासारखा वर चढायचा आणि तिथेच राहायचा. लीडकडे चाल. मधल्या आवाजाचा बॅरिटोन नक्की काय करतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिघंही त्याचीच थट्टा करत होते, पण तो खोकायला थांबला तेव्हा सगळं गाणं एका बाजूला कलल्यासारखं झालं. आमटीतल्या मिठाचं काम असणार. आणि बास! त्याने पहिला खालचा सूर लावला तेव्हा बाक थरथरला. मला वाटलं, बाहेर कुणीतरी बस सुरू केली. काका डोळे मिटून हसत होते. पियानोवाला डाव्या हाताने असा उड्या मारत होता की ढोलकीवाल्यानेही बोटं तोंडात घालावीत. खरं सांगायचं तर अर्धा तास मी भूक विसरलो.

घात झाला तो सातला. एक गाणं संपत आलं, शेवटची ओळ हळू झाली, चौघांनी हात वर केले, मी सुटकेचा श्वास सोडून उठलो. पहिल्या बाकावरचा माणूस उठला म्हणजे गहिवरून उठला, असं इकडे समजतात. माझ्यामागे अख्खं चर्च उभं राहिलं. टाळ्या, "आमेन", शिट्ट्या. पियानोवाल्याने अर्धा सूर चढवला आणि ध्रुपद पुन्हा सुरू. ते संपलं, मी अजून उभाच, कारण बसावं की जावं तेच कळेना. लोकांना वाटलं, याचं समाधान झालेलं नाही. पुन्हा अर्धा सूर वर. तिसऱ्यांदा टेनरने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. काकूंनी माझ्या कोटाची बाही ओढून खाली बसवलं तेव्हा कुठे ध्रुपद थांबलं.

"हे काहीच नाही," काका कानात म्हणाले. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात 1948 पासून रात्र-रात्र गाणं चालायचं म्हणे. त्यांच्या आवाजात हळहळ होती.

मग लीडने विचारलं, आज सगळ्यात लांबून कोण आलंय? कुणी अलाबामा म्हणालं, कुणी केंटकी. काकांनी माझा हात धरून वर केला आणि बासात घोषणा केली, "पुणे, इंडिया!" मी गल्लीच्या टोकाला राहतो हे सांगेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या. बक्षीस म्हणून सीडी मिळाली. सीडी वाजवायचं यंत्र आमच्याकडे नाही.

सीडीपाठोपाठ बादली आली. तळलेल्या कोंबडीची कागदी बादली, रिकामी, दक्षिणेसाठी. माझ्या खिशात वीस डॉलरची एकच नोट. बादलीतून सुट्टे काढून घ्यायचा विचार मनाला शिवला, पण माझ्यावरून अख्खं पुणे जोखलं जात होतं. नोट टाकली. बाहेर टेबलावर सीड्या, टीशर्ट, पुस्तकं मांडलेली. याला नावं ठेवू नयेत. मूळ धंदाच तो. लॉरेन्सबर्गच्या जेम्स व्हॉन यांनी 1910 साली पगारी चौकडी गावोगाव पाठवली तीच आपली गाण्याची पुस्तकं खपावीत म्हणून. गाणं ही जाहिरात होती, ती मालापेक्षा गाजली.

जेवण पावणेदहाला. मी शाकाहारी आहे कळल्यावर काकूंनी प्रेमाने फरसबी वाढली. तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे होते. "ते चवीपुरतंच," त्या म्हणाल्या. शेवटी चीज घातलेली मॅकरोनी खाल्ली. इकडे ती भाजीत धरतात, त्यामुळे व्रतही पाळलं गेलं. पाकातून काढल्यासारखा गार चहा तीन ग्लास आणि केळ्याचं पुडिंग दोनदा.

परतताना काकांच्या ट्रकमध्ये मी मागे, मांडीवर सीडी. काळोख, दुतर्फा पाइनची झाडं. काकांनी हळूच खालचा सूर धरला. काकू वरून सामील झाल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मध्ये मोठी पोकळी राहिली होती, पायरी निखळलेल्या जिन्यासारखी. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मला चाल येत नाही," मी म्हणालो.

"पोरा, ती सात वेळा ऐकलीस. त्यातल्या तीन तुझ्यामुळेच."

मी घसा खाकरला.