गाठ मामांशी आहे

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा मालवणहून आले तेव्हा मुक्काम आठवडाभराचा ठरला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख महिनाभर पुढची दिली आणि आमचा डोंबिवलीचा वन बीएचके एकदम आखडला. उभी हयात मासेमारी होडीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, म्हणून काढलेला माणूस गॅलरीत उभा राहून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे टक लावून बघायचा.

"त्यांना कुठं तरी फिरवून आणा," बायको म्हणाली. "नाही तर टाकीत जाळं टाकतील."

फोर्टात, ऑफिसच्या वाटेवर, एका जुन्या दगडी घरात जहाजांचं छोटंसं संग्रहालय आहे. पाटी रोज वाचायचो, आत कधी गेलो नव्हतो. दोन खोल्या, वीस मिनिटं, मग इराण्याकडे ब्रून मस्का, असा माझा हिशेब.

दारावर पिशवी ठेवून घेतली. पिशवीत मामांचे डोळ्यांचे थेंब, दर दोन तासांनी घालायचे. म्हटलं, वीस मिनिटांत काय लागतायत!

आतल्या दारावर 'डोके सांभाळा' अशी पाटी. ती मामांना वाचून दाखवायला वळलो आणि चौकटीवर आपटलो. काळा चष्मा लावलेले मामा एका डोळ्यानिशी बरोबर वाकून आत गेले.

पहिल्या खोलीत वाडियांची मुंबई. 1736 साली जहाजं बांधणारे लवजी वाडिया सुरतेहून इथं आले, 1750 मध्ये कोरडी गोदी झाली, मग मलबारी सागाची एकेक जहाजं पाण्यात उतरली. 1817 चं 'ट्रिंकोमाली' तर अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. त्याचे पहिले नकाशे घेऊन येणारं जहाज वाटेत अमेरिकनांनी पकडलं, म्हणून दुसरे मागवावे लागले.

"म्हणजे नकशो गेलो नि जहाज उरला," मामा म्हणाले. आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे नकाशे तीनदा आलेत, वाटेत एकही अमेरिकन नसताना बिल्डिंग जागची हललेली नाही. पण हे मी मनातच ठेवलं.

इथवर सगळं वेळापत्रकाप्रमाणे. दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत हातभर लांब मचवा, म्हणजे शिडाच्या होडीची प्रतिकृती, होता. मामा थांबले. चष्मा वर केला, नाक काचेला टेकवलं.

"ही गाठ कोणी मारल्यान?"

परभाणाला, म्हणजे शीड धरणाऱ्या लांब वाशाला, शीड बांधलं होतं तिथली गाठ. मला ती गाठ आहे एवढंच दिसत होतं.

"वाऱ्याचो एक झोत इलो तर शीड खाली!"

"मामा, काचेच्या पेटीत वारा कुठून येणार?"

"वारो सांगान येता काय रे?"

स्टुलावर पेंगणारा राखणदार उठून आला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "खंयचो तू?"

"देवगडचो."

संपलं. मला पुढचे दोन तास डोळ्यांसमोर दिसले. राखणदाराने स्टूल मामांना दिलं. कुणाची पोर कुठं दिली, कुणाची होडी कुणी घेतली हे सगळं झाल्यावर मामा म्हणाले, "दोरी हाड." संग्रहालयात दोरी होती, पण ती काचेत. दोघांची नजर माझ्या बुटाकडे गेली.

माझ्या डाव्या बुटाच्या नाडीने मामांनी स्टुलाच्या पायाला ती खरी गाठ मारून दाखवली. ओढलं की आवळते, बांधणाऱ्याने एक टोक खेचलं की झटक्यात सुटते. तेवढ्यात कुठल्या तरी शाळेची पोरं आली, त्यांच्यासाठी पहिल्यापासून पुन्हा. फटक फटक करत थेंब आणायला मी दोनदा पिशवीवाल्याकडे गेलो. दुसऱ्यांदा त्याने टोकनही मागितलं नाही, नुसता बुटाकडे बघून पिशवी पुढे केली.

निघताना मी नाडी सोडवायला वाकलो. राखणदार म्हणाला, "रवांदे ना, मी शिकतंय."

कल्याण स्लोमध्ये खिडकी मिळाली. मशीद बंदर जाईपर्यंत मामा गप्प होते. मग म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याच्या टायमाक परत येवया. गाठ बदलल्यानी काय ता बघूक व्हया."