आंतरधर्मीय संवाद निर्विघ्न पार पाडण्याविषयी

ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातील संवादाचा काही उपयोग आहे की नाही, यावर मुंबईत अधूनमधून वाद होतो. उपयोग आहे असे आपले मत असेल आणि वांद्र्यात किंवा माहीममध्ये एखादी परिषद भरवण्याचा आपला विचार असेल, तर पुढील सूचना आपल्यासाठी आहेत. उलट मताच्या वाचकांचीही शेवटी थोडी सोय केली आहे.

सर्वप्रथम भाषा ठरवावी. श्रोत्यांमध्ये वसईचे ख्रिस्ती आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असतील, आणि दोघेही मराठी बोलतच लहानाचे मोठे झालेले असतील, तर परिषद इंग्रजीतच घ्यावी. घरच्या भाषेत माणसे मनातले बोलून जातात. जेवण शाकाहारी ठेवावे. दोन्ही समाज मांसाहाराचे शौकीन आहेत हे खरे, परंतु मटण ठेवले की हलालची चौकशी होईल, हलाल म्हणजे नेमके काय असे कोणीतरी विचारील, शेजारचा ते समजावून सांगू लागेल, आणि व्यासपीठावर कटाक्षाने टाळलेला संवाद जेवणाच्या रांगेत सुरू होईल.

विषय येशूची आई मरियम हिचा घ्यावा. कुराणात नावाने उल्लेखलेली ती एकमेव स्त्री आहे आणि त्यातली एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, तिच्याच नावाची आहे, हे ऐकून ख्रिस्ती श्रोते दर वेळी नव्याने चकित होतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला आणि तिथल्याच दर्ग्यातही सर्व धर्मांचे लोक येतात, हे अवश्य सांगावे. त्या दर्ग्याचे संत मखदूम अली माहिमी यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले होते, हे मात्र सांगू नये. एखादा श्रोता ते वाचायला मागायचा. मरियमवरून क्रुसाकडे तर मुळीच वळू नये. येशूला क्रुसावर मारले गेले नाही, असे चौथ्या सूरेत स्पष्ट आहे, आणि तो क्रुसावर मेला नसेल तर ख्रिस्ती श्रद्धेचा पायाच उरत नाही. खरा मतभेद एवढ्या थोडक्यात मांडता येत असल्यामुळेच त्यासाठी सत्र ठेवू नये. तरीही तो निघालाच, तर अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहावे.

उद्घाटनाच्या भाषणात २००७ च्या खुल्या पत्राचा उल्लेख असावा. आदल्या वर्षी पोप बेनेडिक्ट यांच्या रेगेन्सबर्ग येथील व्याख्यानावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यानंतर १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना लिहिलेल्या या पत्राचे शीर्षक तिसऱ्या सूरेतील एका आयतीवरून, म्हणजे वचनावरून, घेतले होते. तुमच्या-आमच्यात समान असलेल्या गोष्टीकडे या, असे ती आयत सांगते. वक्त्याने येथेच थांबावे आणि टाळ्या घ्याव्यात. ईश्वराला कोणीही भागीदार ठरवू नये, हे त्याच आयतीत पुढे येते, आणि येशूला ईश्वराचा पुत्र मानणारे फादर पहिल्याच रांगेत बसलेले असतात.

इतिहासात फार रमू नये. १८५४ साली आग्र्यात झालेल्या वादाचे तर नावही काढू नये. एका बाजूला कार्ल फांडर हा जर्मन मिशनरी होता, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी, आणि विषय होता बायबलचा मूळ पाठ बदलला गेला आहे काय. फांडर फारसी शिकलेला आणि इस्लामच्या खंडनाचा ग्रंथ लिहिलेला. मौलानांचे साथीदार डॉ. वझीर खान यांच्याकडे युरोपातच लिहिली गेलेली बायबलची चिकित्सा होती. बायबलमध्ये पाठभेद आहेत, एवढे फांडरला भर सभेत मान्य करावे लागले. मूळ श्रद्धेवरून मात्र दोघांपैकी कोणीही तसूभर हलले नाही. समोरच्याचे ग्रंथ इतके कसून वाचलेली माणसे आजच्या व्यासपीठांवर क्वचितच दिसतात. पण ती भांडत होती, आणि आपल्याला समूह-छायाचित्र हवे आहे.

आता विरोधकांकडे वळू. आपण ख्रिस्ती असाल तर संवाद म्हणजे सुवार्ता, अर्थात येशूचा संदेश, गुंडाळून ठेवणे, असे म्हणावे. संवाद सुवार्तेच्या घोषणेची जागा घेऊ शकत नाही, असे सांगणारा व्हॅटिकनचा १९९१ चा दस्तऐवज अर्थातच वाचू नये. आपण मुसलमान असाल तर संवाद म्हणजे धर्मांतराची गोड वाट, असे म्हणावे, आणि त्यासाठी नेमका तोच दस्तऐवज वाचावा. ग्रंथधारकांशी, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती यांच्याशी, वाद घालताना तो उत्तम रीतीनेच घालावा, असे एकोणतिसावी सूरा सांगते. त्यात वाद होणार हे गृहीतच धरलेले असल्याने ती दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे.

आयोजकांना एक शेवटची सूचना. निषेधाला आलेल्या दोन्ही गटांना सभागृहाच्या एकाच दारापाशी उभे करू नये. समोरचा आपल्याला बुडवायला निघाला आहे, यावर त्यांचे पूर्ण एकमत असते. तेव्हा चहा येईपर्यंत ते एकमेकांना आपापली कारणे विचारू लागतील, आणि आत चाललेल्या परिषदेला प्रतिस्पर्धी निर्माण होईल.