कल्ले लाल बघून घे

मासा ओळखायचे नियम मला मावशीने मालवणच्या बाजारात शिकवले, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आधी डोळा बघायचा. तो टच्च हवा, आत गेलेला नको. मग अंगठ्याने दाबायचं, खड्डा राहिला तर पुढे चालू पडायचं. आणि विकणारीचं लक्ष दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलं की हळूच कल्ला उचलायचा. लाल असेल तर भाव करायचा, नसेल तर नाक मुरडून, चार जणींना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचं. एवढ्या भांडवलावर मावशीने जन्मभर घर चालवलं. कधी फसली नाही.

मी पुढे रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकलो, तिथून न्यूझीलंडला गेलो, आणि आता अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात टूथफिश पकडणाऱ्या बोटीवर वैज्ञानिक निरीक्षक असतो. गावात हे समजावणं मी सोडून दिलंय. ‘बोटीवर असतो’ म्हटलं की लोक मर्चंट नेव्ही समजून मान देतात, आणि मान कशाला परत करायचा?

काम असं. दक्षिण महासागरातल्या मासेमारीवर एका आंतरराष्ट्रीय आयोगाची नजर असते. करार 1980 चा, अंमल 1982 पासून, कचेरी टास्मानियातल्या होबार्टला. भारतही 1986 पासून सदस्य आहे. नियम असा की टूथफिशच्या बोटीवर निरीक्षक हवाच, आणि गळाला लागून जे जे वर येईल त्याची त्याने नोंद करायची. ‘जे जे’ हे दोन शब्द नोकरीच्या जाहिरातीत फार निरागस दिसत होते.

डिसेंबरात हंगाम सुरू होतो. सूर्य मावळत नाही, त्यामुळे पाळी संपली हे घड्याळापेक्षा पायाच्या गोळ्यांवरून कळतं. हजार, दीड हजार मीटर खोलावरून दोरी वर येत असते, मी उघड्या दारापाशी गठ्ठ्यासारखा कपडे घालून उभा असतो, आणि दर काही गळांमागे एक अनोळखी चेहरा पाण्याबाहेर येऊन माझ्याकडे बघतो. त्याचं नाव मी सांगायचं असतं. त्यालाही ते माहीत नसतं.

टूथफिशपासून सुरुवात करू, कारण तो त्यातल्या त्यात माणसात बसणारा. याच्या जाती दोन: पॅटागोनियन आणि अंटार्क्टिक. दोन्ही करडे, दोन्ही जबडेवाले, दोन्ही माझ्याएवढे लांब होऊ शकतात. फरक बघायचा तर डोक्यावर. पॅटागोनियनच्या टाळूवर खवले नसलेले लांबट पट्टे असतात, म्हणजे सरळ सांगायचं तर त्याला टक्कल असतं. अंटार्क्टिकचं डोकं भरलेलं. शिवाय अंगावर ज्या दोन रेषा असतात त्यातली मधली अंटार्क्टिकमध्ये आखूड असते. तर मी, टोपीखाली स्वतःचं टक्कल झाकून, दिवसभर माशांच्या डोक्यावरून हात फिरवत असतो. बोटीवरच्या एका खलाशाने पहिल्याच आठवड्यात विचारलं, आशीर्वाद देतोस का म्हणून.

अंटार्क्टिक जातीला 1937 साली ऑस्ट्रेलियन मोहीमवीर डग्लस मॉसनचं नाव दिलं गेलं. बाजाराने मात्र इतकी डोकेफोड केलीच नाही. 1977 साली ली लँट्झ नावाच्या एका अमेरिकन व्यापाऱ्याने टूथफिशला ‘चिलियन सी बास’ म्हणून टाकलं. दातांचा उल्लेख गेला, मासा बास नव्हताच, आणि पुढे तो चिलीचाच असावा अशी अटही उरली नाही. पण खपला! दोन जातींमधला जो फरक शोधण्यात माझी बोटं गोठतात, तो हॉटेलच्या मेनूकार्डावर लिंबाच्या फोडीखाली झाकला जातो.

टूथफिशचं एक बरं आहे, त्याला वाताशय, म्हणजे तरंगायला लागणारी हवेची पिशवी, नाही. अंगातल्या चरबीवर तो पाण्यात तोल सांभाळतो, त्यामुळे दीड किलोमीटर वर ओढला तरी चेहऱ्यावरची रया जात नाही. खरी वाट लागते ती मॅक्रोरसची. याला इंग्रजीत उंदीरशेपट्या म्हणतात. मोठं डोकं, मोठे डोळे, आणि मागे निमुळती होत जाणारी शेपटी. याला वाताशय असतं, आणि वर येताना दाब उतरला की ते फुगतं. डोळे खोबणीबाहेर, पोट तोंडाबाहेर, खवले खरवडलेले. आता ओळखा! म्हणजे पहाटेच्या गर्दीतून विरारला उतरलेल्या माणसाची ओळख त्याच्या इस्त्रीवरून पटवायची.

शेपटी तर बहुतेकदा तुटलेलीच असते. म्हणून याची लांबी आम्ही नाकापासून गुदद्वारापर्यंत मोजतो. हे वाक्य मी एकदा व्हिडिओ कॉलवर भावी सासऱ्यांना कामाचं स्वरूप सांगताना बोलून गेलो. ते स्थळ पुढे गेलं नाही.

या मॅक्रोरसची भानगड आणखी पुढची आहे. रॉस समुद्रातल्या अशा माशांना वर्षानुवर्षं एकच नाव लावलं जात होतं, 1913 साली वर्णन झालेल्या ‘व्हिट्सोनी’चं. मग 2012 साली जाहीर झालं की यात दोन जाती आहेत. दुसरीला अंटार्क्टिक सागरी जीवांच्या गणनाप्रकल्पाच्या आद्याक्षरांवरून ‘कॅम्ल’ असं नाव मिळालं. इतकी वर्षं हा गृहस्थ दुसऱ्याच्या शिधापत्रिकेवर रेशन घेत होता आणि कोणाला पत्ता नाही. आता फरक कसा बघायचा? पोटाखालच्या परातले काटे मोजायचे आणि खालच्या जबड्यातल्या दातांच्या ओळी मोजायच्या. काट्यांतला फरक एखाददुसऱ्याचा. बोट तीस अंशांत कललेली, हातात दोन थरांचे मोजे, चष्म्यावर मिठाचं पाणी, आणि मी त्या मेलेल्या जीवाचा जबडा उघडून दंतवैद्यासारखा आत डोकावतोय. मोजताना कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून.

अशा वेळी ओळखीची किल्ली वापरा, असं पुस्तक सांगतं. किल्ली म्हणजे प्रश्नांची शिडी. हनुवटीला मिशी आहे? असेल तर पाचवर जा, नसेल तर नऊवर. पाचवर विचारतात, पाठीवरच्या पहिल्या पराचा दुसरा काटा करवतीसारखा आहे का? काटा असतो तिथे गळाने फाटलेली चिंधी असते. नऊवर गेलं तर परत पाचवर पाठवतात. सरकारी कार्यालयात दाखल्यासाठी फिरलेल्या माणसाला हे काही नवीन नाही, फक्त इथे खिडकीपलीकडचा बाबू स्वतःच मेलेला असतो.

मिशीवरून आठवलं, पोगोनोफ्रिन नावाचे मासे आहेत. नावाचा अर्थच दाढीवाला बेडूक. हनुवटीला एकच लोंबती मिशी, कोणाची आखूड, कोणाची लांब, कोणाच्या टोकाला झालर. शास्त्रज्ञांनी या मिशीवर विश्वास टाकून जातीमागून जाती जाहीर केल्या. अलीकडे जनुकं तपासली तेव्हा त्यातल्या कितीतरी एकाच जातीच्या निघाल्या. मिशी जो तो आपापल्या मर्जीने ठेवत होता. आमच्या आळीतल्या तीन सख्ख्या भावांच्या मिश्या तीन तऱ्हेच्या आहेत, पण त्यांना तीन आडनावं देण्याचं अजून कोणाच्या मनात आलं नाही.

वाघळींचं, म्हणजे त्या पसरट चपट्या माशांचं, तर विचारूच नका. जिवंत वाघळी बोटीवर घ्यायचीच नाही, शक्यतो पाण्यातच सोडून द्यायची. म्हणजे ती गळाला लटकून बोटीच्या अंगावर आपटत असते, आणि ती सुटायच्या आत मी वरून वाकून तिच्या खांद्यावर मोठे काटे आहेत की नाहीत हे बघून घ्यायचं. माझा शेरा बहुतेकदा ती पाण्यात गडप झाल्यावर निघतो. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, मात्र दोरी थांबवायच्या आधीच नाव सांगून मोकळा झालेला असतो. त्याला किल्ली वगैरे ठाऊक नाही. कसं ओळखलंस म्हटलं की तो खांदे उडवतो. मला मावशीची आठवण येते आणि रागही.

सगळ्यात शेवटी पोटाचं काम. टूथफिश काय खातो हे कळायला हवं म्हणून त्याचं पोट चिरून बघायचं. आत काय नसतं! माखलाच्या (स्क्विडच्या) चोची, चक्क दगड, आणि अर्धे पचलेले मासे. म्हणजे जो मासा अख्खा असताना मला ओळखता आला नाही, तो आता बिनकातडीचा, बिनडोळ्यांचा समोर ठेवून विचारतात, हे कोण? सुटका करतात ती कानातली खड्यांसारखी हाडं. ती लवकर विरघळत नाहीत आणि जातीजातीप्रमाणे त्यांचा आकार वेगळा. तासभर त्या लगद्यात चिमटा घालून मी एक पांढरा खडा शोधला, धुतला, भिंगाखाली धरला. खडाच होता. समुद्रतळावरचा.

ओळखलेल्या जातीची नोंद तीन अक्षरी संकेतात करायची. ‘टीओए’ म्हणजे अंटार्क्टिक टूथफिश, ‘टीओपी’ म्हणजे पॅटागोनियन. निळसर, चपट्या नाकाच्या अँटिमोराला मिळालंय ‘एएनटी’. त्यामुळे माझ्या वहीत दीड किलोमीटर खोलावर मुंग्या सापडल्याच्या नोंदी आहेत. शेजारच्या रकान्यात खात्री किती हेही मी प्रामाणिकपणे लिहायचो. ‘बहुधा’, ‘असावा’, ‘जोडीदार उठल्यावर विचारणे’. हंगाम संपल्यावर वही तपासणाऱ्याने या रकान्याखाली लाल रेघ मारून फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्या हंगामात एक दिवस बर्फमासा आला. कायोनोबॅथिस्कस डेविटी. चपटं, मगरीसारखं तोंड, अंगावर खवला नाही. या घराण्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मोठेपणीही असं असणं फार दुर्मीळ. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, तोच रक्तद्रवातून थेट वाहून नेतात आणि वर मोठ्ठं हृदय ठेवतात. 1929 साली देवमासे पकडणाऱ्या खलाशांनी योहान रूड या नॉर्वेजियन तरुणाला सांगितलं होतं की तिकडे बिनरक्ताचे मासे असतात. त्याला ती थट्टा वाटली. 1954 साली त्यानेच ते सिद्ध करून छापलं. म्हणजे खलाशांचं म्हणणं पंचवीस वर्षं किल्लीच्या बाहेर तिष्ठत उभं होतं. बोसनला मी हे मुद्दाम सांगितलं नाही.

मासा कुठल्या जातीचा हे मला एकदाचं नक्की कळलं होतं, त्या आनंदात मी फोटो काढून मावशीला पाठवला. कल्ला उचलून, आत प्रकाश पाडून. कल्ले सायीसारखे पांढरे. बोटीवरचं इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालतं, त्यामुळे तिचा आवाज दुसऱ्या दिवशी आला.

“झिला, ह्यो आठवड्याचो शिळो आसा. कल्ले बघ कसे पांढरे पडलेत. कोणी गळ्यात मारल्यान तुझ्या? पैशे परत माग.”

मी समजावलं की हा जिवंत होता, आत्ताच समुद्रातून काढलाय, याचं रक्तच पांढरं असतं.

“इकणारे असांच सांगतत,” मावशी म्हणाली.

तीन महिन्यांनी मालवणला गेलो तेव्हा तिने मला पिशवी देऊन बाजारात धाडलं. छान इसवण (सुरमई) होती. डोळा टच्च, दाबली तर खड्डा नाही, कल्ले कुंकवासारखे. तरी मी तो पाठीवरचा पर उघडून धरला आणि नकळत बोटाने एकेक काटा सरकवत राहिलो. तेरा, चौदा, पंधरा. मागे रांग लागली होती. कोळणीने थोडा वेळ वाट पाहिली.

“काय मोजतंस रे? किलोवर देतंय मी, काट्यार नाय.”

मी दचकून वर बघितलं, आणि आकडा विसरलो.