'निकाली काढण्यात आला आहे' म्हणे!

मंगळवारी दुपारी आईच्या फोनवर मेसेज आला. 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.' आईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि उठून देवापुढे साखर ठेवली. बाबांना जाऊन सात महिने झालेत, वारसनोंदीचा अर्ज करून पाच. मलाही हायसं वाटलं. लगेच भावाला फोन केला, "झालं रे बाबा एकदाचं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून, आईला घेऊन सातबारा काढायला गेले. सातबाऱ्यावर बाबांचंच नाव. म्हटलं, अजून चढलं नसेल. खिडकीतल्या माणसाला विचारलं.

"मॅडम, तुमचा अर्ज निकाली काढलाय."

"हो ना, मग आईचं नाव कुठंय?"

"निकाली काढलाय म्हणजे फेटाळलाय. मराठी येत नाही का?"

मराठी येत नाही का! एकवीस वर्षं झाली मला मराठी शिकवतेय. आठवी, नववी, दहावी. समास, अलंकार, प्रयोग, सगळं. निबंधाचे गठ्ठे तपासून तपासून डोळ्यांचा नंबर वाढला. आणि 'निकाली काढणे' म्हणजे 'फेटाळणे' हे मला तहसीलच्या खिडकीत कळावं! घरी साखर अजून देवापुढेच होती. मुंग्या लागल्या होत्या.

कारण काय, तर 'नावात तफावत'. रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वेलांटी पहिली, बँकेच्या पासबुकावर दुसरी. हे 'बाई' आईनं स्वतः लावून घेतलेलं नाही हो. रेशनकार्ड लिहिणाऱ्यानं लावलं. त्याला वाटलं, गावातली म्हातारी आहे, 'बाई' असणारच. माझ्या बाबांच्या नावापुढे 'राव' लावायची बुद्धी मात्र चाळीस वर्षांत कुणाला झाली नाही. आता त्या 'बाई'पायी आईनं प्रतिज्ञापत्र करायचंय. 'मी शपथेवर लिहून देते की, वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' वय वर्षं बहात्तर. आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगायचं, आणि खाली पुन्हा, 'ही माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.'

बघा, इथं 'मी' आला. माझं डोकं खरं फिरलं ते इथं.

परत येताना एसटीत बसून सगळे कागद पुन्हा वाचले. लाल पेन हातात नव्हतं एवढंच. कार्यालयाकडून आलेल्या कागदात कर्ता कुठेच नाही. 'अर्ज निकाली काढण्यात आला.' कुणी काढला? 'त्रुटी आढळून आल्या.' कुणाला आढळल्या? 'आपणास कळविण्यात येते की.' कोण कळवतंय? 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात येईल.' कोण करणार आणि कधी? एका पानावर नऊ क्रियापदं आणि करणारा माणूस एकही नाही. नववीच्या पोरानं असं लिहिलं तर मी समासात 'कर्ता?' लिहून खाली रेघ मारते. इथं तेच लिहून पगार मिळतो.

आणि आमच्याकडून लिहून घ्यायच्या कागदात? तिथं ठसठशीत कर्तरी प्रयोग. मी लिहून देते. मी जबाबदार राहीन. माझी काही तक्रार राहणार नाही. म्हणजे जबाबदारी आम्ही घ्यायची असली की 'मी', आणि त्यांनी घ्यायची वेळ आली की 'करण्यात येईल'. हे आपोआप होतं असं कुणी मला सांगू नये. व्याकरण मी शिकवते.

'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांचं तर विचारूच नका. एका काना-मात्रेचा फरक वाटतो. कार्यवाही म्हणजे ते जे करणार म्हणतात आणि करत नाहीत. कारवाई म्हणजे ते जे आपल्यावर करतात. आमच्या सोसायटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही यातला फरक सांगता येत नाही, पण चुकीच्या जागी चुकीचा शब्द पडलेला सरकारी कागद मी आजवर पाहिला नाही. तेवढं मात्र पक्कं.

आता दुसरी गंमत. वारसनोंदीच्या निमित्तानं जुने उतारे काढले, तेव्हा दिसलं की बाबांच्या एका गटाचं क्षेत्र संगणकावर चढवताना 0.81 हेक्टरचं 0.18 झालंय. आकडे उलटे पडले. दोन एकराचे अठरा गुंठे. बाबांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, तेवढंच बरं. ही चूक कुणाची? आमची नक्कीच नाही, आम्ही काही तो टाइप केला नव्हता. पण कागदावर या प्रकाराला 'चूक' म्हणत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155. लेखनप्रमाद. काय शब्द आहे! प्रमाद! तळहातावर तुळशीपत्र ठेवून उच्चारावा असा. तुमच्या-आमच्या हातून वेलांटी हलली तर ती तफावत, तिला प्रतिज्ञापत्र, नोटरी, दोन साक्षीदार. त्यांच्या हातून दीड एकर गायब झालं तर तो प्रमाद. आणि त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करायचा आपणच, त्याखाली लिहायचं 'आपला विश्वासू' हेही आपणच.

माझ्यापुढे रांगेत एक आजोबा होते. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. त्यांना खिडकीतून, "ए बाबा, तू बाजूला हो." त्यांच्यामागे गाडीची किल्ली बोटात फिरवत एक पांढरा शर्ट आला. "या साहेब, काय म्हणता?" आजोबांच्या नातवाच्या वयाचा असेल तो शर्ट. माझ्या आईला 'ए मावशी', मला 'मॅडम'. मायलेकी शेजारी शेजारी उभ्या होतो. फरक फक्त साडी नेसायच्या पद्धतीचा आणि माझ्या गळ्यातल्या शाळेच्या ओळखपत्राचा. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी तिहेरी सोय आहे ना, तिचा वापर बघायचा असेल तर एक दिवस कुठल्याही खिडकीपाशी उभं राहा. आणि त्या खिडकीच्या वर फळा लावलाय, 'आपली सेवा आमचे कर्तव्य'. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचं घोषवाक्य. त्या कायद्यात सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण मराठीत 'आपली' हा मोठा लबाड शब्द आहे. आपली म्हणजे तुमची की आपापली? साडेबारापासून दोनपर्यंत खिडकी बंद होती तेव्हा उत्तर कळलं.

तर, जुने उतारे. मुद्दा खरा तिथं आहे आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

माझे आजोबा वारले तेव्हाचा फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, काढला. बाबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय. एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर! आठ एकर कोरडवाहू जमीन, एक विहीर, दोन बैल, आणि मॅनेजर. गावात बाबांना कुणी कधी मॅनेजर म्हटलं नाही, पण कागदावर त्या तीन अक्षरांनी घर एका पुरुषाच्या नावावर बसवलं. माझ्या दोन आत्या कुठे आहेत? आहेत, आहेत. उजवीकडच्या रकान्यात, बारीक अक्षरात. रकान्याचं नाव 'इतर हक्क'. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, शेजारच्याचा विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आहे, आणि माझ्या आत्या आहेत. सख्ख्या बहिणी. इतर! घरी आल्या की पहिली पोळी त्यांना वाढायची, भाऊबीजेला ताट सजवायचं, आणि सातबाऱ्यावर कर्जाच्या बोज्याशेजारी.

कायदा बदलला, हे मला ठाऊक आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्येच सुरुवात केली, 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार झाली, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातली उरलीसुरली शंकाही मिटवली. छान. मग मी बाबांच्या वारसांच्या यादीत माझं नाव लिहिलं, तेव्हा अर्ज भरणाऱ्या पोरानं काय विचारावं? "ताई, तुमचं सोडपत्र कधी करायचंय?" करायचंय का, असं नाही विचारलं. कधी करायचंय! तारीखच विचारली त्यानं. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. वारसनोंद झाली की बहिणींचं सोडपत्र, हा त्याच्या लेखी रोजचा क्रम.

त्यानं कॉम्प्युटरवर तयार मसुदाही उघडून दाखवला. हक्कसोडपत्र. 'लिहून घेणार' म्हणजे भाऊ, 'लिहून देणार' म्हणजे मी. '…मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, स्वखुशीने व राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे.' नाव आणि गट नंबरापुरत्या जागा मोकळ्या. खुशी आधीच छापून ठेवलेली, आणि ती एकदा नाही, दोनदा. आणि मघाशी म्हटलं तेच पुन्हा, इथं कर्तरी प्रयोग! हजार पानांच्या त्या दप्तरात बाईला 'मी' म्हणायची जागा मिळते ती इथं, सोडून देताना. नोंद घेताना ती 'वारस पत्नी', 'वारस मुलगी', बोज्याशेजारची 'इतर'. सोडताना मात्र 'मी'.

माझा भाऊ चांगला आहे, त्यानं एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. पण शेजारच्या काकू म्हणाल्याच, "माहेर टिकवायचं असेल तर एवढं करावंच लागतं गं." भावानं हिस्सा घेतला तर तो वाटा. बहिणीनं घेतला तर 'हिनं मागितला'. 'मागितला' हे क्रियापद भावांना कधी लावलेलं ऐकलंय?

मध्येच एक आठवलं. आपल्याकडे शब्द बदलायची हौस दांडगी. 1960 मध्ये भाषा संचालनालय निघालं, मग सरकारी पदांना मराठी नावं देणारा पदनाम कोश आला, अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून घेतलं. 2023 मध्ये एका मंत्र्यांनी सुचवलं की 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणा. बायकांनीच झोडपलं म्हणून गप्प बसले. माझ्या आईला ते ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "मला गंगा करू नका, नुसतं नाव नीट लिहा." 2024 मध्ये तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. गावात अजूनही भाऊसाहेबच म्हणतात आणि भाऊसाहेब अजूनही "उद्या या"च म्हणतात.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. खिडकीतून 'मराठी येत नाही का' ऐकल्यावर कानशील तापलं ना, तेव्हा आमच्या वर्गातला एक पोरगा आठवला. ऊसतोडीला आई-बाप जातात, हा दिवाळीनंतर गायब आणि परीक्षेला हजर. त्यानं निबंधात लिहिलं होतं, 'आमी फडावर व्हतो तवा पानी लई लांबून आनावं लागायचं.' मी 'आमी', 'व्हतो', 'तवा', 'पानी', 'आनावं' सगळ्यांखाली लाल रेघा मारल्या आणि शेरा दिला, 'अशुद्ध. शुद्ध भाषा वापर.' पाणी किती लांबून आणावं लागायचं, ते विचारलंच नाही. त्यानंतर तो निबंधात फक्त पुस्तकातली वाक्यं लिहायला लागला आणि मी त्याला सुधारणा म्हणून गुण वाढवून दिले.

असो. शुक्रवारी पुन्हा गेले. या वेळी अर्ज स्वतःच्या हातानं लिहून नेला. 'सविनय सादर' नाही, 'मे. साहेबांचे सेवेशी' नाही. लिहिलं, 'तुम्ही माझ्या आईचा अर्ज फेटाळला. कोणत्या अधिकाऱ्याने फेटाळला आणि का, ते लिहून द्या. आमच्या गटाचे क्षेत्र तुमच्या कार्यालयाने चुकीचे टाइप केले आहे. ते दुरुस्त करा. मी माझा हक्क सोडणार नाही.'

खिडकीतल्या माणसानं वाचला. चेहरा आक्रसला.

"असं नसतं लिहायचं मॅडम. 'फेटाळण्यात आला' लिहा. आणि 'तुम्ही' काढा, बरं नाही दिसत."

"कुणी फेटाळला?"

"तसं नसतं हो ते."

"मग कसं असतं?"

मागच्या टेबलावरचा कुणीतरी हसला. मी म्हटलं, घ्या नाहीतर घेत नाही असं लिहून द्या, त्यात कर्ता घालून. पाच मिनिटं इकडेतिकडे बघून त्यानं अर्ज घेतला, आवक नंबर टाकला आणि माझ्या प्रतीवर धाडकन शिक्का मारला. बाहेर आंब्याखाली येऊन प्रत उन्हात धरली.

निळ्या शाईत लिहिलंय, 'मजकूर न वाचता स्वीकारण्यात आला.'