फेरोचा गोवर आणि प्रवासबंदी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'प्रवासबंदीने साथ थांबत नाही, फक्त उशिरा येते' हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्ही खोडून काढलंत आणि दाखला दिलात उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांचा : १७८१नंतर थेट १८४६पर्यंत, ६५ वर्षं तिथे गोवर नव्हता, याला उशीर म्हणायचं का? प्रश्न रास्त आहे. माझं विधान सरसकट होतं, ते मी मागे घेतो.

माझा हिशेब पलीकडच्या गावात साथ भडकत असतानाचा होता. रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील, तर ९० टक्के प्रवास बंद करूनही जेमतेम १० दिवस पदरात पडतात. तेवढ्या दिवसांत पलीकडचे रुग्ण दसपट होतात आणि उरलेल्या १० टक्के ये-जा करणाऱ्यांतून पूर्वीइतकेच इकडे पोचतात. पण पलीकडे रोग वर्षानुवर्षं एकाच पातळीवर असेल, तर तीच बंदी दोन आगमनांमधलं सरासरी अंतर दसपट करते. हा फरक लेखात यायलाच हवा होता.

मात्र फेरोची गोष्ट ६५ वर्षांवर सोडू नका. गोवर कायम टिकून राहायला अडीच-तीन लाखांची वस्ती लागते. फेरोत माणसं होती ७,७८२. तिथे तो आपोआप विझतो आणि पुन्हा येतो तो बाहेरूनच. १८४६च्या मार्चअखेर कोपनहेगनहून आलेला एक सुतार उतरला, आणि काही महिन्यांत ६,०००हून जास्त लोकांना गोवर निघाला. १७८१मध्ये गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद त्या साथीच्या तपासाला गेलेले डॅनिश डॉक्टर पानुम यांनी केली आहे. मधल्या पिढ्या मात्र गोवरापुढे पूर्ण उघड्या होत्या.

साथीच्या प्रसाराच्या माझ्या मॉडेलमध्ये गावं म्हणजे ठिपके आणि त्यांच्यातली ये-जा म्हणजे रेषा. 'गावागावांमधल्या तुमच्या रेषा काल्पनिक आहेत' हा तुमचा दुसरा आक्षेप मला अजिबात पटत नाही. पानुम यांच्याच नोंदीत आहे : ट्योर्नुव्हीक गावचे दहा जण एका होडीतून ४ जूनला वेस्टमन्नाला देवमाशांच्या शिकारीत सामील झाले. १८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं, म्हणजे लागण सगळ्यांना त्या एकाच दिवशी झाली. रेषा म्हणजे ती होडी. नुसती रोजची ये-जा मोजून मॉडेल बांधलं, तर ती त्यात येणारच नाही. अशी एका दिवसाची गर्दी हिशेबात कशी धरायची, यावर तुम्ही लिहिलंत तर मला मनापासून वाचायला आवडेल.